घरी विचारून सांगते

रत्नागिरीत दहावीनंतर विषय निवडायचे नसतात. ते टक्क्यांनी आधीच ठरवलेले असतात, आपण फक्त निकालाच्या दिवशी वाचून घ्यायचे. नव्वदच्या वर असाल तर सायन्स. पंचाहत्तर ते नव्वद असाल तरी सायन्सच, फक्त वडिलांनी चार ठिकाणी नमस्कार घालत फिरायचे. साठच्या आसपास कॉमर्स, त्याखाली आर्ट्स. नव्वदच्या वर मिळवूनही कुणी हट्टाने आर्ट्सला गेलाच, तर लोक संध्याकाळी त्याच्या घरी भेटायला जातात, फारसे बोलत नाहीत आणि निघताना वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून "होईल सगळं नीट" म्हणतात. मी स्वतः अठ्ठावन्न टक्क्यांचा. म्हणजे कॉमर्स. तुला कॉमर्स आवडते का, हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच विचारला गेला, तो पतसंस्थेतून निवृत्त होताना निरोपसमारंभात, आणि तोही गमतीने.

निकालात मात्र आमची मान ताठ. २०२५च्या दहावीला राज्याचा निकाल ९४.१० टक्के आणि कोकण विभागाचा ९८.८२. या विभागात जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, हा बारीक तपशील आम्ही पेढे वाटताना सांगत बसत नाही. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि फॉर्मात दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम भरायची सोय आली. आता रत्नागिरीच्या माणसाला दहा पसंत्या सुचणार कुठून? पहिली गोगटे-जोगळेकर. दुसरी सुचेपर्यंत चहा झाला. मग आमच्या आळीतल्या लोकांनी लांजा, राजापूर, देवरुख, संगमेश्वर अशा एसटी स्टँडवरच्या पाट्या आठवून आठवून रकाने भरले.

आमच्या घरात तो फॉर्म भरायची पाळी आली नाही. माझ्या धाकट्या भावाची मुलगी त्या वर्षी दहावी झाली. तिला आम्ही बाय म्हणतो. आणि त्याच जूनमध्ये भावाच्या कंपनीने त्याला सहकुटुंब न्यू जर्सीला पाठवले. "बायच्या अकरावीचा प्रश्न सुटला," असे आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे आमचे वडील, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांची भाकिते पावसाच्या बाबतीत कधीमधी खरी ठरतात, कारण इथे पाऊस पडणार म्हणायला काही लागत नाही.

पहिला घोटाळा भाषेच्या रकान्यात झाला. तिकडच्या शाळेत नवीन मूल आले की एक फॉर्म देतात: घरी कोणती भाषा बोलता? भावाने इमानाने 'मराठी' लिहिले. लगेच बायला इंग्रजीच्या चाचणीला बसवले. बोर्डात इंग्रजीत पंच्याण्णव मिळवलेली मुलगी, तिला चित्र दाखवून विचारतात, यात काय काय दिसते ते सांग.

"तू इंग्रजी लिहायचं होतंस," बायची आत्या फोनवर कडाडली.

"अगं, पण आपण घरात इंग्रजी कुठे बोलतो?"

"ॲडमिशनच्या फॉर्मवर खरं लिहितात का रे कुणी?"

बाय त्या चाचणीतून सुखरूप बाहेर आली. तोवर दुसरे संकट उभे होते. तिच्या वयाकडे आणि गुणपत्रिकेकडे बघून शाळेने तिला सोफोमोर वर्गात घालायचे ठरवले. सोफोमोर म्हणजे काय, हे भावाने सांगेपर्यंत आम्हाला तो काही मानाचा वर्ग वाटत होता. निघाली दहावी. दहावी पास झालेल्या मुलीला परत दहावीत! आईने डोक्याला हात लावला आणि "हे आळीत कुणाला सांगू नका" अशी ताकीद दिली. आप्पांना कमी ऐकू येत असल्यामुळे ही ताकीद तिला तीन वेळा, चढत्या आवाजात द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी भैरीच्या देवळात एक गृहस्थ मला हळूच म्हणाले, "पुतणी नापास झाली म्हणे अमेरिकेत. काळजी करू नका, ऑक्टोबरला बसवा."

खरी अडचण अशी होती की आमची गुणपत्रिका तिकडच्या काउन्सेलर मॅडमना उमगत नव्हती. त्यांच्याकडे बीजगणित एक वर्ष, भूमिती पुढचे वर्ष, मग पुन्हा बीजगणित. आमच्याकडे गणित भाग एक आणि भाग दोन, चाळीस-चाळीस गुणांचे, एकाच मार्चमध्ये, मध्ये एखादी सुट्टी मिळाली तर नशीब. त्यांच्याकडे रसायनशास्त्र वर्षभर एकटे, जीवशास्त्र वर्षभर एकटे. आमच्याकडे 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'च्या दोन भागांत गुरुत्वाकर्षणापासून आपत्ती व्यवस्थापनापर्यंत सगळे जग आवळून बांधलेले. मॅडम विचारत होत्या, हिने केमिस्ट्री केली आहे का? भाऊ म्हणत होता, केली आहे. किती महिने? आता हे कोण सांगणार? प्रकरण आठवणे वेगळे आणि महिने आठवणे वेगळे.

मग मॅडमचे बोट चित्रकलेच्या सवलतीच्या गुणांवर आले.

"हे कशाचे?"

"इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेचे."

"ते एकूण बेरजेत कसे?"

भाऊ इंजिनिअर आहे, पूल बांधतो, पण या प्रश्नावर त्याला उत्तर सुचले नाही. ते अद्याप इथेही कुणाला सुचलेले नाही. पण अमेरिकेने आपल्याला हसण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे गुणांची सरासरी चारपैकी काढतात, आणि अवघड विषय घेतले की त्यांना जास्त वजन मिळून हुशार मुलांना चारपैकी चार पूर्णांक सहा वगैरे पडतात. हे ऐकून आप्पांनी चष्मा काढला. "चारपैकी साडेचार? आमच्या वेळी सातबाऱ्यावर असं क्षेत्र दाखवलं असतं तर तलाठी निलंबित झाला असता."

शेवटी अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके मागवून, चाळून, मॅडमनी बायला अकरावीत घेतले. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि मग विषयांची यादी आली.

यादी कसली, शंभरावर पानांचे पुस्तक. मी ते रामआळीत छापायला टाकले तेव्हा झेरॉक्सवाल्या पोराने आदराने विचारले, "काका, पीएचडी का?" मी नाही म्हटले नाही.

न्यू जर्सीत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा ऑगस्टात आमच्याकडे सकाळचे साडेसहा असतात. त्यामुळे कौटुंबिक सभा साडेसहाला, पडवीत, विजेच्या मीटरखाली, कारण पावसाळ्यात घरात रेंज मिळते ती तेवढीच जागा. आप्पा खुर्चीवर, आई पाटावर, आत्या चिपळूणहून दुसऱ्या फोनवर, आणि शेजारचे क्लासवाले सर छत्रीसकट गडग्यापलीकडे. सरांना कुणी बोलावले नव्हते. पण ज्या माणसाने जिल्ह्यातली निम्मी पोरे सायन्सला घातली, त्याला 'विषय' हा शब्द गडग्यापलीकडूनही ऐकू येतो.

भावाने समजावून सांगितले. साधे विषय असतात, त्यावर ऑनर्स, आणि सगळ्यात वर एपी, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. एपीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास शाळेतच करायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची, आणि गुण चांगले पडले तर बऱ्याच कॉलेजांत तो विषय पुन्हा करावा लागत नाही. असे चाळीसेक विषय आहेत. गुण एक ते पाच.

"पाच कितीपैकी?" आप्पांनी विचारले.

"पाचपैकीच."

"आणि पास किती?"

"तीन मिळाले तरी बरे समजतात."

"म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास!" आप्पांचे अमेरिकेविषयीचे मत त्या क्षणी पुष्कळ सुधारले. ते पुन्हा खाली आले फी ऐकून. एका विषयाला नव्व्याण्णव डॉलर. आत्याने चिपळुणात तोंडी गुणाकार केला आणि "आठ हजारांच्या वर!" असे इतक्या जोरात सांगितले की फोन ठेवला असता तरी ऐकू आले असते. आणि परीक्षा मे महिन्यात, हे कळल्यावर तर आई हबकलीच. "आंब्याच्या दिवसांत? मग पोर यायची कधी?" शाळा तिकडे जूनच्या उत्तरार्धात सुटते, तेव्हा इथे हापूस संपून लोणच्याचे खार पुरलेले असतात. भाऊ म्हणाला, हापूस मिळतो इकडेही, २००७पासून येतो, विकिरण करून. विकिरण म्हणजे काय ते आईने विचारून घेतले आणि पुढे काही बोलली नाही. फक्त न्यू जर्सीच्या दिशेने एकदा बघितले.

मग विषय. क्लासवाल्या सरांचा पहिला सवाल ठरलेलाच. "पीसीएम का पीसीबी?" भाऊ म्हणाला, तसे ग्रुप नाहीत, हवे ते घ्यायचे. सर अस्वस्थ झाले. "बरं, बायफोकल कुठलं आहे?" बायफोकल नाही कळल्यावर ते छत्री मिटून पडवीतच आले. ज्या देशात दोनशे गुणांचा कॉम्प्युटर सायन्स घेऊन एक भाषा टाळता येत नाही, तो देश चंद्रावर गेला कसा, हे त्यांना समजेना. आत्याचा नवरा मागून ओरडून सांगत होता की मत्स्यव्यवसायाचे बायफोकल आहे का बघा, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयामुळे त्याचे भले झाले आहे. त्याचे भले झाले हे खरे. पण पापलेट ओळखण्यापलीकडे त्याने त्या ज्ञानाचा वापर केलेला आम्ही पाहिला नाही.

कॅल्क्युलसचे दोन प्रकार निघाले, एबी आणि बीसी. बीसीत एबीचे सगळे येते आणि वर आणखी थोडे. शिवाय बीसीची परीक्षा दिली की एबीचे गुण वेगळे मिळतात.

"एका पैशात दोन?" आप्पा म्हणाले. "मग एबी घेतो कोण शिंचा?"

फिजिक्सचे त्याहून कठीण. फिजिक्स एक, फिजिक्स दोन, आणि फिजिक्स सी, तेही दोन तऱ्हेचे. एक, दोन आणि सी! माझ्या कॉमर्सच्या मेंदूला हे क्रमांक लागेनात. सरांनी मात्र हिशेब सोडवला: "सी घ्या. नाव सगळ्यात अवघड वाटतंय." सी घ्यायला आधी कॅल्क्युलस यावे लागते, कॅल्क्युलसला आधी प्रीकॅल्क्युलस, आणि प्रीकॅल्क्युलस बायला यंदा करायचे आहे, असे भावाने सांगितल्यावर सर म्हणाले, "मे महिन्यात व्हेकेशन बॅच लावून घ्यायला पाहिजे होती." या वाक्याने सरांनी आजवर रत्नागिरीतला प्रत्येक प्रश्न सोडवलेला आहे.

भाषांच्या पानावर आप्पांनी स्वतः बोट फिरवले. स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी, लॅटिन. मराठी नाही. हिंदीही नाही, म्हणून ते अर्धे शांत झाले. बायला बोर्डात संस्कृतमध्ये शंभरपैकी शंभर, म्हणून त्यांनी तिच्यासाठी लॅटिन मुक्रर केले. "दोन्ही एकाच कुळातल्या. विभक्ती पाठ असल्या की झालं." ह्यूमन जिऑग्रफी, सायकॉलॉजी, आर्ट हिस्टरी या विषयांवरून मात्र सभेची नजर भराभर पुढे सरकली. हे आर्ट्सचे विषय आहेत, आणि त्यांना पुढे ॲडव्हान्स्ड लावल्याने काही फरक पडत नाही, असे सर्वानुमते ठरले.

मग सक्तीचे विषय निघाले. न्यू जर्सीत शाळा संपवायला एकशे वीस क्रेडिट लागतात आणि त्यांत अमेरिकेचा इतिहास दोन वर्षे.

"दोन वर्षं?" आत्या म्हणाली. "सतराशे शहात्तर सालचा देश तो. आपला इतिहास राज्यशास्त्रासकट चाळीस मार्कांत बसतो."

शिवाय पैशाचे व्यवहार शिकवणारा विषय सक्तीचा, एक कला सक्तीची, आणि व्यायाम तर दरवर्षी. दहावीच्या वर्षात पीटीच्या तासाला गणित घेणाऱ्या आमच्या जिल्ह्याला हा धक्का मोठा होता. पण इथे आप्पांनी अनपेक्षितपणे अमेरिकेची बाजू घेतली. रत्नागिरीच्या कोणत्याही वादात कुणीतरी कधीतरी टिळक आणतोच. त्या दिवशी आप्पांनी आणले. "टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तालमीत घालवलं. पुढे गणित घेऊन बीए झालेच ना? आणि तेही बदलीचेच विद्यार्थी. जन्म इथला टिळक आळीतला, वडिलांची बदली झाली, अठराशे सहासष्टला सगळे पुण्याला. दहा वर्षांचे होते."

"म्हणून बायनं जोर काढायचे?" आई म्हणाली.

"मी एक उदाहरण दिलं."

बातमी बाहेर पोहोचलीच होती. मारुती मंदिराच्या नाक्यावर मला अशा लोकांनी गाठून सल्ले दिले की ज्यांच्या स्वतःच्या मुलांनी कुठल्या शाखेतून पदवी घेतली हे त्यांना पत्रिका छापताना विचारावे लागले होते. केस कापणारा म्हणाला, डेटा सायन्स. मासळीवालीने "पोरीला शिकू दे काय शिकायचं ते, पण वजनकाटा नीट बघायला शिकव" असे सांगितले, आणि त्या पंधरवड्यातला हा एकच सल्ला अभ्यासक्रमात खरोखर होता. आत्याच्या कॅलिफोर्नियातल्या भाचेजावयाने निरोप धाडला की दहा एपी नसतील तर चांगले कॉलेज विसरा. टेक्सासातल्या एका परिचिताने कळवले की तीन पुरे, पण मुलीला व्हायोलिन यायला हवे. आम्ही दोघांचेही ऐकायचे ठरवले.

शेवटी आमची यादी तयार झाली: अकरा विषय. भावाने ती वाचली आणि बराच वेळ रेंज गेल्यासारखा गप्प राहिला. शाळेत दिवसाला तास आठ. त्यातला एक जेवणाचा, एक व्यायामाचा.

"मधली सुट्टी काढून टाका," सर म्हणाले.

"जेवण काढू नका," आई म्हणाली.

आता मी, पतसंस्थेच्या संचालकांच्या सभा चालवण्याचा अनुभव असलेला माणूस, पुढे झालो. म्हटले, हे बघा, असे ठरणार नाही, मॅडमचे मत काय ते तरी कळू दे. त्या काहीतरी म्हणाल्या असतीलच.

"म्हणाल्या ना," पडद्यावर मागे बसलेली बाय म्हणाली. इतके दिवस ती तिथेच असायची, पण सभेत तिला बोलायला जागाच झाली नव्हती. "पहिल्याच दिवशी विचारलं, तुला काय आवडतं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, घरी विचारून सांगते."

पडवीत कोणी काही बोलेना. पन्हळीतून पाणी पडत होते तेवढाच आवाज. खरोखरच, बायला काय आवडते? सरांनी आपल्या डोक्यातली तिची चाचणी परीक्षांची टक्केवारी धुंडाळली. आप्पा म्हणाले, तिला शंभर आहेत संस्कृतात. आत्या म्हणाली, तिला डॉक्टर व्हायला आवडतं, लहानपणी माझ्या बीपीच्या मशीनशी खेळायची. मला तिचा जन्मदिनांक आणि बचत खात्याचा नंबर पाठ होता, तो मी मनात म्हणून बघितला. शेवटी आई ठामपणे म्हणाली, "तिला फणसाची भाजी आवडते. कुयरीची. पिकल्या फणसाला हात लावत नाही." त्या सभेत बायविषयी एवढी एकच खात्रीची माहिती पुढे आली, आणि ती शंभर पानांत कुठेच बसत नव्हती.

दोन दिवसांनी वेळापत्रक आले. मॅडमनी आणि बायने मिळून केलेले. प्रीकॅल्क्युलस ऑनर्स, केमिस्ट्री, इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास, व्यायाम, एपी एकच आणि तेही नेमके ह्यूमन जिऑग्रफी, आणि कलेच्या रकान्यात सिरॅमिक्स. जेवण सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी.

"सिरॅमिक्स म्हणजे कपबश्यांचं?" आप्पा.

"मातीची भांडी करायची. चाकावर."

"मडकी?" आत्या म्हणाली. "व्हिसा काढून?"

सरांनी वेळापत्रकाकडे बघून नुसती मान हलवली आणि छत्री उघडली. मला त्यांच्या पाठीवरूनच कळले की गडग्यापलीकडे जाऊन ते घरी काय सांगणार: शेजारची बाय आर्ट्सला गेली.

यावर धीर देण्यासाठी भावाने जे सांगितले, त्याने मात्र सभेचा नूरच पालटला. तो म्हणाला, एवढे मनाला लावून घेऊ नका. शाळा सुरू झाली की पहिले दोन आठवडे मुदत असते. एखादा विषय झेपला नाही किंवा नाही आवडला, तर सोडता येतो. दुसरा घ्यायचा. कागदावर राहतही नाही.

"सोडता येतो?" मी विचारले.

"हो."

"नापास न होता?"

"हो रे दादा."

अशी काही सोय जगात असते हे आमच्या पिढीला कुणी कळवलेच नव्हते. आत्या म्हणाली, मी त्रिकोणमिती सोडली असती, दुसऱ्याच दिवशी. तिच्या नवऱ्याने मागून फिश प्रोसेसिंग ओरडून सांगितले. मी बुककीपिंग म्हणालो, मग ऑडिटिंग म्हणालो, मग लक्षात आले की असे करत करत माझी नोकरीच खाली होते आहे, म्हणून थांबलो. आप्पा म्हणाले, ते जमीन महसुलाच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसलेच नसते, मुळात त्यांना नाटकात काम करायचे होते. हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. आईनेही पहिल्यांदाच ऐकले असावे, कारण तिने मटार सोलायचे थांबवून त्यांच्याकडे नीट निरखून बघितले. मग फोनच्या जवळ वाकून विचारले,

"दोनच आठवडे देतात का रे? जरा कमी वाटतात."

आप्पांनी त्या दिवशी चहात साखर कमी असल्याची तक्रार केली नाही.